दुर्बिणीशी कुठल्या भाषेत बोलायचं?

मागच्या व्याख्यानात आपण आरसे आणि भिंगं पाहिली. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, दुर्बिणीत महत्त्वाचं काय, आरसा की माउंट?" मी तेव्हा घाईत "दोन्ही" म्हणून सुटका करून घेतली. खरं उत्तर माउंट असं आहे. आरसा मध्यम असला तरी चंद्रावरची विवरं दिसतात. माउंट डुगडुगत असेल, किंवा आकाशाबरोबर सरकत नसेल, तर कितीही उत्तम आरसा आणा, दिसतो तो नुसता थरथरणारा ठिपका.

आज त्या माउंटबद्दल बोलायचं आहे. त्यातही मोटरवर चालणारे माउंट, आणि त्यांना चालवणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. विषय नवा वाटेल, पण सुरुवात आपल्या पुण्यातूनच करता येते.

१८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, एक वेधशाळा उभी राहिली. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली म्हणून त्यांचं नाव. चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. तिथं डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली २० इंची दुर्बीण होती, त्या वेळी देशातली सगळ्यात मोठी. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज पुण्यात तिची आठवणसुद्धा फारशी कोणाला नाही. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, चिडचिड होण्याचाही आहे, म्हणून इथंच सोडतो.

त्या काळच्या अशा मोठ्या दुर्बिणींना एक घड्याळ असे. वेळ दाखवणारं नव्हे, दुर्बीण फिरवणारं. वजन वर चढवून ठेवायचं, ते हळूहळू खाली येतं, दात्यांची चक्रं फिरतात, आणि वेग वाढू नये म्हणून वर गरगरणाऱ्या गोळ्यांचा गव्हर्नर. ही कल्पना जर्मनीच्या फ्राउनहोफरनं १८२४च्या डोरपाटच्या दुर्बिणीत इतकी नीट बसवली की पुढची शंभर वर्षं सगळे तिचीच नक्कल करत राहिले.

घड्याळ कशाला हवं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते. म्हणजे आकाश दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं. ऐकायला हे काहीच नाही. पण चंद्राची रुंदी सुमारे १८०० विकला. म्हणजे दोन मिनिटांत आकाश अख्ख्या चंद्राएवढं सरकतं. दोनशे पट मोठं करून दाखवणाऱ्या नेत्रिकेत गुरू लावला, शेजाऱ्याला "या, बघा" म्हटलं, तो चष्मा काढेपर्यंत गुरू निघून गेलेला असतो. हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

विषुववृत्तीय माउंटमध्ये एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. पुण्यात तो जमिनीपासून साडेअठरा अंश वर. मग फक्त त्या एकाच अक्षाला एका ठरावीक वेगानं फिरवायचं, की काम झालं. म्हणून घड्याळ पुरतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या घड्याळाचं झाकण उघडलं की सगळं समोर दिसायचं. कुठला दाता झिजला, कुठलं चक्र अडकलं, हे गावातला चांगला घड्याळजी सांगू शकायचा. त्यासाठी डब्लिनला पत्र पाठवायची गरज नव्हती.

आता एकदम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. जॉन डॉब्सन नावाचे एक संन्यासी होते. आपल्या रामकृष्ण परंपरेतल्या तिथल्या वेदान्त सोसायटीचे. मठात राहून, भंगारातल्या काचा घासून ते दुर्बिणी करायचे, आणि त्यापायी मठाबाहेर इतके रमले की १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. त्यांनी माउंटची गोष्ट फार सोपी केली. प्लायवूडची पेटी, खाली गोल फिरणारी पाटी, बस. दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवी हलते, तोफेसारखी. मोटर नाही, घड्याळ नाही, ध्रुवताऱ्याशी काही संबंध नाही. स्वस्तात मोठे आरसे लोकांच्या हाती आले.

पण त्यात एक अडचण राहिली. अशा पेटीवर तारा धरून ठेवायचा तर दोन्ही अक्ष एकाच वेळी हलवावे लागतात, आणि दोघांचे वेग सारखे बदलत राहतात. पूर्वेला उगवणारा तारा जवळजवळ सरळ वर चढतो. माथ्याजवळ आला की त्याचा उन्नतांश फारसा बदलत नाही, पण दिगंश मात्र गर्रकन फिरतो. बरोबर डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्याला तर क्षणभर अनंत वेग लागेल. हे घड्याळाचं काम नव्हे. इथं प्रत्येक क्षणी त्रिकोणमिती करणारं कोणीतरी बसवावं लागतं. म्हणजेच संगणक.

ते गणित सोपं करून लोकांपुढे ठेवलं तोशिमी ताकी या जपानी हौशी खगोलप्रेमीनं, फेब्रुवारी १९८९च्या 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात. त्यांची पद्धत अशी. दुर्बीण कशीही ठेवा, जमीन सपाट नसली तरी चालेल, उत्तर कुठे आहे ते माहीत नसलं तरी चालेल. दोन ओळखीचे तारे दाखवा. समजा, आधी अभिजित, मग श्रवण. त्या दोन ताऱ्यांचे आकाशातले पत्ते आणि दुर्बिणीच्या दोन अक्षांवरचे कोन यांतून एक छोटं मॅट्रिक्स तयार होतं, तीन ओळी, तीन स्तंभ. मग आकाशातला कुठलाही पत्ता त्या मॅट्रिक्सनं गुणला की दुर्बीण कुठे वळवायची ते कळतं. आज तुमच्या माउंटनं "दोन तारे दाखवा" म्हटलं की पडद्यामागे हेच गणित किंवा त्याचं भावंड चालू असतं. त्यांनी ते छापलं, सगळ्यांना दिलं. मुक्तस्रोत हा शब्द तेव्हा जन्माला यायचा होता, तो आला १९९८ साली. पण वृत्ती तीच.

त्या पायावर अमेरिकेत ऑरेगनच्या मेल बार्टेल्स यांनी नव्वदच्या दशकात प्रोग्रॅम लिहिला आणि सोर्स कोडसकट वाटून टाकला. जुना डॉसवाला संगणक, त्याचा प्रिंटर जोडायचा पॅरलल पोर्ट, मूठभर ट्रान्झिस्टर आणि दोन स्टेपर मोटर. एवढ्या सामानात डॉब्सनची लाकडी पेटी आकाशाचा पाठलाग करू लागली. या प्रोग्रॅमची एक गंमत आहे. मोटरला किती करंट कधी द्यायचा, हे सेकंदाच्या बारीक बारीक भागांत संगणक स्वतःच ठरवायचा. त्यासाठी संगणक पूर्णपणे त्याच्या ताब्यात लागायचा. डॉसमध्ये ते शक्य होतं, कारण डॉस एका वेळी एकच काम करतं. विंडोज आलं, मध्येच दुसरं काहीतरी करायला लागलं, की मोटर अडखळलीच. हेही लक्षात ठेवा.

इकडे कंपन्या गप्प बसलेल्या नव्हत्या. सेलेस्ट्रॉननं १९८७ साली कॉम्प्युस्टार नावाची संगणकी दुर्बीण काढली. आणि १९९२ साली मीड कंपनीनं एलएक्स-२०० बाजारात आणली. बटण दाबा, शनी म्हणा, दुर्बीण आपोआप वळते. गो-टू हा शब्द घराघरात गेला तो यामुळे. घराघरात म्हणजे अर्थात अमेरिकेतल्या. आपल्याकडे तेव्हा अशी दुर्बीण म्हणजे कोणाचा तरी अमेरिकेतला मेहुणा विमानातून घेऊन येणार, आणि कस्टमवाल्यांना ती तोफ नाही हे पटवून द्यायचं.

पण मला एलएक्स-२०० आवडते ती गो-टूमुळे नाही. तिच्या माहितीपुस्तिकेत शेवटी एक परिशिष्ट होतं. संगणकाची केबल कशी जोडायची, आणि केबलवरून दुर्बिणीला कुठले हुकूम द्यायचे, याची यादी. सोबत बेसिक भाषेतला नमुन्याचा प्रोग्रॅमसुद्धा. कंपनीनं आतला कोड दिला नाही, सर्किट दिलं नाही. पण दुर्बिणीशी बोलायची भाषा मात्र छापून दिली.

ती भाषा किती साधी होती बघा. प्रत्येक हुकूम कोलननं सुरू होतो, हॅशनं संपतो. कोलन, जी, आर, हॅश: "तुझा विषुवांश किती?" दुर्बीण उत्तर देते, तास, मिनिटं, आणि पुन्हा हॅश. कोलन, जी, डी, हॅश: "क्रांती किती?" कोलन, एस, आर आणि पुढे आकडे: "हा विषुवांश लक्षात ठेव." कोलन, एम, एस, हॅश: "चल तिकडे." आणि कोलन, क्यू, हॅश म्हणजे "थांब!" हा शेवटचा हुकूम पाठ असावा. दुर्बीण ट्रायपॉडच्या पायाकडे निघालेली असते तेव्हा पुस्तिका उघडायला वेळ नसतो.

या भाषेचं पुढे काय झालं? ज्यांनी ज्यांनी आकाशाचे नकाशे दाखवणारे प्रोग्रॅम लिहिले, त्या सगळ्यांनी ती शिकून घेतली, कारण ती छापलेली होती. मग दुसऱ्या कंपन्यांनी आणि घरी माउंट करणाऱ्यांनी पाहिलं, की सगळे प्रोग्रॅम ही भाषा बोलतातच, तर आपल्याही माउंटला तीच शिकवू. नवी भाषा काढली तर ती बोलणार कोण? अशी एका कंपनीची भाषा सगळ्यांची झाली. कोणी ठराव केला नाही, समिती बसली नाही. व्याकरणातही सगळं शुद्ध नव्हतं. त्या अशुद्धाचा आम्हाला कसा प्रसाद मिळाला, ते सांगतोच.

तरीही प्रत्येकानं तीच भाषा उचलली असं नाही, आणि माउंटबरोबर कॅमेरे, फोकसर, घुमट हेही आले. आता दहा प्रोग्रॅम आणि दहा उपकरणं असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुवा, म्हणजे शंभर दुवे. मध्ये एक ठरलेली भाषा ठेवली तर वीस पुरतात. विंडोजवर हे काम बॉब डेनी यांनी १९९८च्या सुमारास ॲस्कॉम नावानं केलं. डेनी हे वेबच्या सुरुवातीच्या काळात विंडोजवर चालणारा वेब सर्व्हर लिहिणारे गृहस्थ. त्यामुळे दोन अनोळखी यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं हा त्यांच्या सवयीचाच प्रश्न होता.

लिनक्सच्या बाजूला एलवूड डाउनी यांनी इंडी नावाची पद्धत आखली. नाव वाचून फसू नका, भारताशी संबंध नाही. तिची खुबी अशी की उपकरणांचा सर्व्हर आणि तुम्ही बसलेले असता तो संगणक वेगळे असू शकतात, मध्ये नेटवर्क. दुर्बीण गच्चीवर, तुम्ही खाली, चहा घेत. पुढे जासेम मुतलक यांनी केस्टार्स या मुक्तस्रोत प्रोग्रॅमबरोबर इंडीला वाढवलं, त्यात इकोस हा फोटोग्राफीचा भाग जोडला. २०१२ साली रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक आला आणि इंडीचं भाग्य उजळलं. आता दुर्बिणीच्या पाठीवरच सर्व्हर बांधता येऊ लागला. बाकी मंडळींची नुसती नावं घेतो, कारण वेळ कमी आहे. तयार माउंटचा हातातला कंट्रोलर बाजूला ठेवून संगणकावरून थेट त्याच्या मोटर-बोर्डाशी बोलणारा ईक्यूमॉड, रेमंड सार्मिएंतो यांनी २००६ साली सुरू केलेला. ताऱ्याकडे बघून माउंटची चूक सुधारणारा क्रेग स्टार्क यांचा पीएचडी, जो २०१३ साली मुक्तस्रोत झाला. आणि फोटो बघून "हा आकाशाचा कुठला तुकडा" हे ओळखणारं ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट. यातल्या प्रत्येकावर तासभर बोलता येईल.

मी थांबणार आहे ऑनस्टेपवर. कारण आमची स्वतःची गोष्ट तिथं येते.

आमच्या निरीक्षण-गटाकडे एक माउंट होता. लोखंड उत्तम, वर्म गिअर ठणठणीत. एका पावसाळ्यानंतर त्याचा कंट्रोलर मेला. लाल अक्षरं उमटेनात. ज्या कंपनीचा तो होता तिनं कळवलं, की हे मॉडेल बंद झालं, बोर्ड मिळणार नाही, नवीन माउंट घ्या. कंट्रोलर उघडला. आत काळ्या चिप्स, त्यांच्या पोटात कोड, तो वाचायची सोय नाही. नायगमवालांच्या काळातला घड्याळजी आला असता तरी त्यानं हात टेकले असते. पंधरा किलोचं उत्तम लोखंड, आणि ते निकामी झालं ते तळहाताएवढ्या बोर्डापायी. चार वर्षं तो माउंट एका सभासदाच्या गॅरेजमध्ये सायकलींखाली पडून होता.

ऑनस्टेप हे हॉवर्ड डटन यांनी लिहिलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. खरं तर फर्मवेअर, कारण ते मोठ्या संगणकावर नाही, मोटरशेजारच्या लहान बोर्डावर राहतं. आधी अर्डुइनो मेगावर चालायचं, मग टीन्सी, मग ईएसपी-३२. मोटरला करंट देणाऱ्या चिमुकल्या ड्रायव्हर पट्ट्या मात्र थ्रीडी प्रिंटरच्या जगातून आल्या. घरगुती थ्रीडी प्रिंटरची चळवळही मुक्तस्रोतच. त्या लोकांना प्लास्टिकची फुलदाणी छापायला स्वस्त, बारीक पावलं टाकणारी मोटर-व्यवस्था हवी होती. ती जगभर इतकी तयार झाली की तपकीर गल्लीत भाजीसारखी मिळू लागली. फुलदाणीवाल्यांनी आकाशवाल्यांचं काम केलं, त्यांना पत्ताही नाही.

गटातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीनं हे सगळं मनावर घेतलं. तिनं फळ्यावर केलेला हिशेब मला अजून आठवतो, तुम्हीही करून बघा. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, झाली ३२००. मोटर आणि वर्म यांच्यामध्ये २० आणि ६० दातांच्या पुली, म्हणजे तिप्पट, ९६००. वर्मच्या चाकाला १४४ दाते. गुणा. माउंटच्या एका पूर्ण फेरीला १३ लाख ८२ हजार ४०० पावलं. एका अंशाला ३८४०. एक पाऊल म्हणजे एका विकलेपेक्षा थोडं कमी. आणि आकाशाबरोबर चालायला सेकंदाला जेमतेम १६ पावलं. फ्राउनहोफरच्या घड्याळाची टिकटिक, एवढंच.

यात दुसरी एक गोष्टही दिसते. १४४ दात्यांचं चाक, म्हणजे वर्मची एक फेरी सुमारे ५९८ सेकंदांची. वर्म कापताना राहिलेली चूक दर ५९८ सेकंदांनी तशीच्या तशी परत येते. परत येते म्हणूनच ती एकदा नोंदवून ठेवता येते आणि उलट दिशेनं भरून काढता येते. ऑनस्टेपमध्ये ती सोय आहे. लोखंडाचा दोष सॉफ्टवेअरनं झाकायचा.

सगळं जोडून झालं. वेल्ह्याच्या बाजूला एका शेतावर गेलो. मोबाइलवरून अक्षांश, रेखांश, वेळ भरली. गुरू चांगला डोक्यावर होता. गुरू निवडला, आणि दुर्बीण जागची हलेना. पडद्यावर संदेश, की लक्ष्य क्षितिजाखाली आहे. वर मान करून बघावं तर गुरू झगझगतोय. केबल तपासल्या, मोटर तपासल्या, रात्रीचे दोन तास गेले. थर्मासमधला चहा संपला. शेवटी तिनंच बारीक अक्षरातली सूचना वाचली. रेखांश पश्चिमेला धन, पूर्वेला ऋण धरावा.

आपण शाळेपासून पूर्व धन शिकतो. मीडच्या भाषेत पश्चिम धन आहे, कदाचित अमेरिकेत लिहिताना तेच सोयीचं वाटलं असेल. ऑनस्टेप तीच भाषा बोलतं, म्हणून तिथंही तेच. आम्ही पुण्याचा रेखांश म्हणून ७३ अंश ५१ कला भरला होता, अधिक चिन्हानं. नंतर नकाशा काढून बघितलं, साडेअठरा उत्तर आणि जवळजवळ ७४ पश्चिम कुठे येतं. हैती! आमची दुर्बीण वेल्ह्याच्या शेतात उभी राहून आपण कॅरिबियन समुद्राकाठी आहोत असं समजत होती, आणि हैतीहून गुरू त्या वेळी खरोखरच दिसत नव्हता. ती बिचारी बरोबर बोलत होती. वेळेच्या फरकाचंही तसंच. आपले साडेपाच तास तिथं उणे साडेपाच लिहायचे असतात. चिन्ह बदललं, आणि दुर्बीण घरघरत वळली. गुरू मध्यापासून थोडा बाजूला होता, पण नेत्रिकेत होता. चार वर्षांनी.

त्या रात्री चिडून मी म्हटलं, की मुक्तस्रोत आहे ना, मग हे उलटं चिन्ह दुरुस्त का करत नाहीत? तिनं उत्तर दिलं ते बरोबर होतं. चिन्ह बदललं तर ही भाषा बोलणारे जगातले बाकी सगळे प्रोग्रॅम चुकतील. १९९२ साली एका कंपनीनं ठरवलेली गोष्ट आता कोणालाच बदलता येत नाही, कंपनीलासुद्धा नाही.

आणि आता तर कंपनीच नाही. मीडचा शेवट थोडक्यात सांगतो. २०१३ साली ती निंगबो सनी या चिनी कंपनीनं विकत घेतली. अमेरिकेतल्या ओरायन या दुर्बीण-विक्रेत्यांनी त्यांच्यावर बाजारातली स्पर्धा दडपल्याचा दावा लावला. २०१९च्या अखेरीस ज्युरीचा निकाल ओरायनच्या बाजूनं लागला आणि मीडनं दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२१ साली मीड ओरायनच्या हाती आली. आणि जुलै २०२४मध्ये दोन्ही बंद पडल्या. जगभर त्यांच्या दुर्बिणी आहेत, त्यांतल्या कित्येकांचे बोर्ड आज ना उद्या आमच्या कंट्रोलरसारखे मरणार. तेव्हा मालक काय करतील? बरेचसे तेच करतील जे आम्ही केलं. म्हणजे मीडच्या माउंटमधून मीडचा बोर्ड निघेल, ऑनस्टेप बसेल, आणि ते ऑनस्टेप मीडचीच भाषा बोलेल.

इथं मला स्वतःला थोडं बदलावं लागलं. मी पूर्वी व्याख्यानांत सांगायचो, की बंद कोड मरतो, मुक्त कोड जगतो. इतकं सोपं नाही ते. मघाशी दोन गोष्टी लक्षात ठेवा म्हटलं होतं. बार्टेल्स यांचा प्रोग्रॅम मुक्त होता, कोड सगळ्यांच्या हाती होता. पण तो डॉसला आणि पॅरलल पोर्टला बांधलेला. आज पॅरलल पोर्ट असलेला संगणक शोधायला जुन्या बाजारात जावं लागेल. त्याचं गणित जगलं, ते ताकींच्या लेखातही होतंच. पण प्रोग्रॅम वापरातून गेला. उलट मीडचा कोड आजही कोणी पाहिलेला नाही, तरी त्या पुस्तिकेचं परिशिष्ट रोज रात्री हजार ठिकाणी बोललं जातंय. टिकलं ते छापलेलं. कोड असो, सूत्र असो, हुकमांची यादी असो. शिवाय या मुक्त प्रकल्पांत बहुतेक ठिकाणी एक-दोन माणसांच्या खांद्यावर सगळा भार असतो. ती माणसंही थकतात. घड्याळ उघडून दिसायचं हे खरं, पण ते दुरुस्त करायला घड्याळजी गावात असावा लागायचाच.

शेवटी परत घराकडे येतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. रेडिओ दुर्बीण असली तरी प्रत्येक डिश वर-खाली आणि गोल फिरते, म्हणजे डॉब्सनच्या पेटीचीच रचना, फक्त वाऱ्याला तोंड देणारी. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए या प्रचंड दुर्बिणीसाठी तिच्या व्यवस्थापन-प्रणालीच्या आराखड्याचं नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे होतं. आणि त्या दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी २०१५ साली जी चौकट निवडली गेली, टँगो, तीही मुक्तस्रोत. मुळात फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनसाठी केलेली. इतक्या मोठ्या कामात अनेक देशांच्या संस्थांचे भाग एकत्र बसवायचे तर सगळ्यांना वाचता येईल अशी मधली भाषा लागतेच. त्यावर काम केलेली माणसं पुण्यातच आहेत, त्यांनाच या मालेत बोलवायचं ठरतं आहे.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, ते घेतो.

पहिला: "माझ्याकडे चांगल्या कंट्रोलरचा माउंट आहे, मीही ऑनस्टेप बसवू का?" नाही. चालू असलेल्याला हात लावू नका. फक्त त्याच्या पुस्तिकेत हुकमांची यादी आहे का ते बघा, आणि असेल तर ती पानं स्कॅन करून ठेवा. पुस्तिका कंट्रोलरच्याही आधी हरवतात.

दुसरा: "जुना माउंट आहे, कागदपत्रं काहीच नाहीत. वर्मच्या चाकाला किती दाते ते कसं कळणार?" मोजायचे. चाक दिसत नसेल तर वर्मच्या दांड्यावर खडूनं खूण करा, माउंटच्या अक्षावर एक पट्टी चिकटवा, आणि अक्ष बरोबर एक फेरी फिरेपर्यंत वर्म हातानं फिरवा. वर्मच्या जितक्या फेऱ्या, तितके दाते. आम्ही दोघांनी मोजले तेव्हा एकदा १४३ आले आणि एकदा १४५. तिसऱ्यांदा तिनं प्रत्येक दहा फेऱ्यांना वहीत रेघ मारली, तेव्हा १४४ आले.